माझगावच्या चिनी ज्येष्ठांचा सन्मान त्यांच्या हयातीत व्हावा

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

माझगावात नवाब टँक रस्त्यावर ‘सी यूप कून’ हे चिनी देऊळ 1919 पासून उभे आहे. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातून गोदीच्या आधाराने मुंबईत आलेल्या लोकांनी ते बांधले. एके काळी त्यांची वस्ती इथे आणि कामाठीपुऱ्यात शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपास होती. आज मोजकी कुटुंबे उरली आहेत आणि त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे पत्र आहे.

वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा शौर्याचा व न्यायाचा देव आहे. चिनी नववर्षाला शहरात विखुरलेली कुटुंबे इथे जमतात, उदबत्त्या लावतात आणि आपल्या कोकणात देवाला कौल लावतात तसाच कौल लावतात. बांबूच्या नळीतल्या काड्या हलवायच्या, एखादी बाहेर पडेपर्यंत हलवत राहायच्या आणि तिच्यावरचा आकडा पाहून त्या क्रमांकाची चिठ्ठी वाचायची. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग हा सण येतो, तेव्हा अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत पूर्वजांची थडगी साफ करून त्यांना नैवेद्य दाखवला जातो. कोणते थडगे कोणाचे, कोणापुढे काय ठेवायचे, हे ज्येष्ठांना ठाऊक असते. ते कुठे लिहून ठेवलेले नसते.

या पिढीने 1962 पाहिले आहे. भारत-चीन युद्धाच्या अखेरीस व त्यानंतर आसाम आणि उत्तर बंगालमधून प्रामुख्याने चिनी वंशाच्या सुमारे 3,000 जणांना राजस्थानातल्या देवळी छावणीत डांबण्यात आले. इतरत्रही संशयाने पाठ सोडली नाही आणि अनेक कुटुंबे देश सोडून गेली. जे राहिले त्यांनी याच शहरात दवाखाने, ब्यूटी पार्लर, चपलांची दुकाने आणि हॉटेले चालवून मुले वाढवली. नाक्यानाक्यावर ‘चायनीज भेळ’ विकणाऱ्या महाराष्ट्राला त्यांची ओळख एवढ्यावरच थांबावी, याचे निदान थोडे वैषम्य वाटायला हवे.

म्हणून विनंती आहे की आपल्या खात्याने या ज्येष्ठांच्या सन्मानाचा वार्षिक उपक्रम सुरू करावा. मात्र त्याचा ‘चायना टाऊन फेस्टिव्हल’ होऊ देऊ नये. लाल कंदील, खाण्याचे स्टॉल आणि व्यासपीठावर शाल-श्रीफळ, हे एका संध्याकाळचे काम आहे. चीनमध्ये नवव्या चांद्रमासाची नवमी 1989 पासून ज्येष्ठांचा दिवस म्हणून पाळली जाते, परंतु तिथला सरकारी दिवस इथे आणण्याचेही कारण नाही, कारण ही माणसे मुंबईकर आहेत. नववर्ष, शरदातला चंद्रोत्सव की आणखी काही, हे त्यांनीच ठरवावे, आणि नको म्हणाले तर तेही मान्य करावे.

चित्रकलेचा मार्ग मला अधिक आश्वासक वाटतो. सिंगापूरच्या चायना टाऊनमध्ये यिप यू चाँग या चित्रकाराने, जो मुळात हिशेबनीस होता, जुन्या गल्लीतले पत्रलेखक, फेरीवाले आणि स्वयंपाकघरे भिंतींवर रंगवली आहेत. तिथे ड्रॅगनपेक्षा माणसे जास्त दिसतात. मुंबईलाही 2017 च्या ससून डॉक कला प्रकल्पाने गोदीच्या भिंतींवर गोदीतले लोक आणण्याची सवय लावली आहे. माझगावातल्या एखाद्या सार्वजनिक भिंतीवर, कुटुंबांच्या संमतीने आणि त्यांच्याच जुन्या छायाचित्रांवरून, असे काम सहज होऊ शकेल. चेहरे कोणाचे असावेत आणि कोणाचे नसावेत, हा निर्णय चित्रकाराचा किंवा खात्याचा नसावा. 1962 नंतर आपली ओळख दाखवण्याची भीती वाटलेल्या माणसांच्या बाबतीत तर मुळीच नसावा.

त्याआधी पुराभिलेख संचालनालय आणि दर्शनिका (गॅझेटियर) विभाग यांच्याकडून मुलाखती ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, हिंदीत, कँटनीजमध्ये किंवा मराठीत, जशी बोलणाऱ्याला सोय असेल तशा. दोन्ही कार्यालये आपल्याच अखत्यारीत येतात, तेव्हा यासाठी नवे मंडळ किंवा समिती नेमण्याची गरज पडू नये. अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद होईपर्यंत थांबण्याऐवजी, येत्या छिंगमिंगच्या आधी एक अधिकारी देवळात जाऊन ज्येष्ठांना भेटला, तरी सुरुवात होईल.

आपला,
माझगावचा एक रहिवासी