जामखेडचा दवाखाना: सुहासला पत्र

पुणे

प्रिय सुहास,
स. न.

तुमच्या गावच्या रुग्णालयाच्या स्मरणिकेत इतिहासाचं प्रकरण तुझ्याकडे आलं, हे फार चांगलं झालं. अशा स्मरणिकांत बहुतेक वेळा कोनशिला कोणी बसवली, कुणी किती देणगी दिली, खाटा किती होत्या नि किती झाल्या, एवढंच येतं. पंचक्रोशीतल्या माणसांचं त्या दवाखान्यामुळे काय झालं, हे शोधूनही सापडत नाही. तू जामखेडबद्दल विचारलंस ते बरं केलंस. आपल्याकडे एवढ्या उलट्या वाटेने गेलेला दवाखाना दुसरा क्वचितच असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जामखेड नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) अगदी आग्नेय टोकाला आहे, बीड आणि धाराशिवच्या हद्दीलगत. नगरपासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. अहिल्याबाईंचं चौंडी याच तालुक्यात, खर्ड्याची लढाई झाली तेही याच तालुक्यात. पाऊस बेभरवशाचा, पीक ज्वारीचं, आणि दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे गेले ते मुद्दाम, हा असा तालुका आहे म्हणून. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. त्याआधी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काढली होती. जुलाबाचं मूल बरं करून घरी पाठवायचं आणि महिन्याभराने तेच मूल पुन्हा खाटेवर, हे तिथे रोजचं होतं. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले, तेव्हा एक गोष्ट पक्की ठरली होती: गावकऱ्यांनी बोलावलं तरच जायचं. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावलं आणि जागा दिली. ती होती जनावरांच्या दवाखान्याची पडीक इमारत.

इथे घाईने पुढे जाऊ नकोस. पुष्कळ जण लिहितात की आरोळ्यांनी पहिल्या दिवसापासून प्रतिबंधावर भर दिला. तसं झालं नाही, आणि तेच शहाणपणाचं होतं. लोकांना आधी औषधपाणी हवं होतं. अडलेली बाई सुटायला हवी होती, हाड बसवायला हवं होतं. नळाच्या पाण्याचे नि लसींचे फायदे ऐकायला कुणाला वेळ नव्हता. म्हणून आधी उपचार सुरू झाले. त्याने दोन गोष्टी साधल्या. लोकांचा विश्वास बसला, आणि पेशंटांच्या फीमधून गावातल्या कामाच्या खर्चाचा बराच भाग निघू लागला. तुमच्या रुग्णालयाचे जुने जमाखर्च मिळाले तर बाह्यरुग्ण विभागाची कमाई कुठे गेली, हे आधी बघ. इमारतीवर गेली की गावात गेली, यावरून दवाखान्याचा स्वभाव कळतो.

मग दोन-तीन वर्षांतच दुष्काळ पडला. 1972 सांगायला नकोच. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी या मदतीच्या धान्यावर दिवस काढलेली माणसं अजून तुझ्याही गावात असतील. उपाशी मुलाला टॉनिक देऊन उपयोग नाही हे उघड होतं, म्हणून खाऊ घालण्याची केंद्रं निघाली आणि पाण्यासाठी बोअर घेतले गेले. बोअर कुठे घ्यायचा, यात या सगळ्या प्रयोगाची अक्कल दिसते. बोअर दलित वस्तीत घेतले. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाने तिथे यायचं. एरवी विहिरीवर शिवू न देणारी घरं हंडे घेऊन त्याच हापशावर उभी राहिली. भाषणांनी हे झालं नसतं.

हापशाविषयीही थोडं लिहितो, कारण आरोग्याच्या इतिहासात तो हटकून राहून जातो. त्या वेळचे ओतीव लोखंडाचे पंप मुळात एका घरापुरते केलेले. गावाने दिवसभर दांडा हाणला की सांध्याची खीळ झिजायची. दांडा वरखाली होताना सळई तिरकी ओढली जायची, वाकायची, आणि आतले चामड्याचे वॉशर फाटायचे. पंप बंद पडला की बायका पुन्हा जुन्या विहिरीवर, आणि पाठोपाठ हगवण. यातून वाट निघाली तीही आपल्याच मुलखात. जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशनवाल्यांनी पोलादी पंप बनवले. सोलापूरच्या पंपात सळई साखळीने ओढली जायची, त्यामुळे ती सरळच वर यायची. त्याच कल्पनेवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला, आणि तो देशभर गेला. त्यातही एक खोट राहिलीच: वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर काढावे लागतात, त्याला माणसं आणि गाडी लागते. शिवाय हापशाभोवतीचा सिमेंटचा ओटा तडकला आणि सांडपाण्याची नाली तुंबली, तर डबक्यातलं पाणी परत बोअरमध्ये मुरतं. वरून पाणी स्वच्छ दिसतं आणि गावात जुलाब सुरूच राहतात. तुमच्या भागातले बोअर कधी झाले आणि किती दिवस नादुरुस्त होते, याची नोंद जुन्या जिल्हा परिषदेच्या कागदांत मिळाली तर ती रुग्णालयाच्या नोंदवहीशेजारी ठेवून बघ.

आता मुख्य गोष्ट, गावातली आरोग्य सेविका. आधी गावोगावी प्रशिक्षित नर्स ठेवायचा बेत होता, तो फसला. कारणं साधी होती. परगावची तरुण मुलगी एकटी खेड्यात राहणार कशी, तिला खोली कोण देणार, रात्री बोलावलं तर सोबत कोण जाणार? आणि ती राहिली तरी लोकांना ती परकीच. बाळंतपणाला बोलावणं जायचं ते सुईणीलाच. तेव्हा बाई गावातलीच, गावाने निवडलेली, असं ठरलं. निवडून आलेल्या बहुतेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कितीतरी जणी दलित होत्या, काही टाकलेल्या किंवा विधवा. डॉक्टर मंडळींना हे वेडेपण वाटलं. पण अशा बाईला गावात कुठल्या घरात चूल पेटली नाही हे ठाऊक असतं, आणि ही माहिती कुठल्याच एक्स-रेत येत नाही.

त्यांचं शिक्षण कसं चालायचं हे नीट समजून घे, कारण नक्कल करणारे इथेच चुकले. एकदाच महिनाभर कोंडून शिकवणं नव्हतं. दर आठवड्याला बायका जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, सगळ्या जातींच्या एकत्र जेवायच्या, एकाच खोलीत झोपायच्या. एका वेळी एकच विषय. तो गावी जाऊन करून बघायचा, आणि पुढच्या खेपेला काय जमलं, काय नाही, ते सगळ्यांसमोर सांगायचं. जातीची भीड तिथे आधी मोडली, तेव्हाच ती गावात मोडण्याचं बळ आलं.

एक उदाहरण जवळून बघ. जुलाबाच्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ हा शब्द महत्त्वाचा. मीठ शिगोशिग पडलं तर रक्तातलं मीठ वाढून मुलाला झटके येऊ शकतात. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणून पाणी आधी चाखायचं, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर फेकून द्यायचं. आणि वाटीने घटाघटा पाजायचं नाही, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. आयांचा उलटा समज असायचा, जुलाबात पाणी बंद करायचं. मूल मरायचं ते बऱ्याचदा त्या कोरडेपणाने. सलाईनची बाटली ज्या मुलाला लागली असती, त्यातली बहुतेक मुलं या एका भांड्याने घरीच सावरतात.

बाळंतपणाचंही तसंच. हात साबणाने धुतलेले, जागा स्वच्छ, नवं पातं, उकळलेला दोरा, आणि कापलेल्या नाळेवर काहीही लावायचं नाही. नाळेला शेण किंवा राख लावली की बाळाला धनुर्वात व्हायचा. सातव्या-आठव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं व्हायचं, जबडा आवळायचा, आणि घरचे म्हणायचे बाहेरची बाधा झाली. गरोदर बाईला महिन्याच्या अंतराने धनुर्वाताची दोन इंजेक्शनं आणि एक नवं पातं, एवढ्यावर तो टळतो. पहिलं पिवळं चीक दूध पिळून टाकायची पद्धत होती, तीही याच बायकांनी मोडली. आणि कधी थांबायचं हेही त्यांना पक्कं शिकवलेलं: मूल आडवं असेल, आधी पोट फाडून बाळंतपण झालेलं असेल, अंगावरून जाऊ लागलं, पायावर सूज येऊन डोकं दुखत असेल, तर एक मिनिट न घालवता जामखेड गाठायचं.

दवाखान्याचा आणि गावाचा सांधा इथे आहे. बहुतेक ठिकाणी तो तुटतो तो एका क्षुल्लक गोष्टीने: सेविकेने पेशंट आणला आणि डॉक्टरने पेशंटसमोरच तिला झापलं, ‘एवढ्यासाठी आणलंस?’ दुसऱ्या दिवसापासून तिला गावात कोणी विचारत नाही. जामखेडच्या पद्धतीत तिला सहकारी मानणं हा उपचाराचाच भाग होता. म्हणून लहान रुग्णालयाला एवढा मोठा टापू पेलला. 1975 पर्यंत सुमारे 30 गावं आणि 40 हजार लोकवस्ती त्यांच्या कामाखाली होती.

कुष्ठरोग्यांना वेगळ्या आश्रमात न पाठवता त्याच दवाखान्यात, इतरांशेजारी उपचार झाले. बधिर चट्टा गावातल्या बाईने आधीच ओळखला तर बोटं झडण्याची वेळ येत नाही, हे त्यामागचं कारण. अॅल्युमिनिअमची नळी आणि रबराचं पाऊल असलेला जयपूर फूट बनवायची कार्यशाळा निघाली, तिथे गावातल्या कारागिरांनीच पाय घडवले. शेतकऱ्यांची मंडळं झाली, महिला मंडळं झाली, झाडं लावली गेली. यावर लिहिण्यासारखं खूप आहे, पण तुझ्या कामाला त्याचा उपयोग कमी.

आकडा मात्र उपयोगाचा आहे. 1971 मध्ये या गावांत हजार जिवंत जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती, म्हणजे जवळजवळ दर सहांत एक. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तो दर तिशीच्या खाली आला. हा आकडा दवाखान्याच्या नोंदवहीतून काढता येत नाही, हे लक्षात ठेव. घरी जन्मून घरीच गेलेलं बाळ दवाखान्याला कधी दिसतच नाही. त्यासाठी गावातल्या प्रत्येक घरी जाऊन जन्म आणि मृत्यू दोन्ही लिहावे लागतात, आणि ते काम सेविकाच करायच्या. उलट दवाखान्याचे आकडे फसवतात. क्षयाचे पेशंट वाढले म्हणजे क्षय वाढला असं नाही. बऱ्याचदा आधी जे येत नव्हते ते आता येऊ लागलेले असतात. तू आलेख काढशील तेव्हा ही चूक टाळ.

प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या 1978 च्या आल्मा आता इथल्या जागतिक परिषदेआधीच जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडची दखल घेतली होती, आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण सरकारी नक्कल कशी बिघडली, हेही तुला ठाऊक असावं. 1977 मध्ये केंद्राने गावोगाव आरोग्य स्वयंसेवक नेमले. बहुतेक पुरुष निवडले गेले, त्यांतले बरेच पुढाऱ्यांच्या ओळखीचे. मग मानधनाचा वाद निघाला आणि योजना रेंगाळत मावळली. 2005 नंतरच्या आशा ताई स्त्रिया आहेत, हजार वस्तीमागे एक आहेत, ही मोठी सुधारणा. पण सुरुवातीला त्यांना कामागणिकच पैसे मिळायचे. ज्या कामाला पैसे नव्हते ते मागे पडायचं, आणि दर आठवड्याची ती एकत्र बसण्याची गोष्ट सरकारी वेळापत्रकात बसलीच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी मात्र गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, श्वास मोजणं, ऊब देणं, इंजेक्शन देणं सुद्धा. 1999 मध्ये ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. म्हणजे पद्धत चुकीची नव्हती, ती अर्धवट उचलली गेली.

मेबल आरोळे 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. काम चालू आहे.

आता तुझ्या प्रकरणासाठी. प्रसूतीची नोंदवही आधी मिळव, शस्त्रक्रियेची नंतर. प्रसूतीच्या वहीत पेशंटच्या गावाचा रकाना असतो. दर पाच वर्षांचा एक नकाशा कर, कुठल्या गावांतून बायका येत होत्या आणि कुठल्या गावांतून कधीच आल्या नाहीत. न येणारी गावं नदीपलीकडची आहेत की विशिष्ट वस्तीची, हे लगेच दिसेल. औषधांच्या मागणीपत्रांत सलाईनच्या बाटल्या आणि जुलाबाच्या पुड्या यांचं प्रमाण वर्षागणिक मांड. जुन्या सुईणी, निवृत्त नर्स आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर यांना देणगीदारांच्या आधी भेट; त्यांतल्या काहींची वयं आता ऐंशीच्या पुढे असतील. वह्या वाळवीने खाल्लेल्या असतील तर उन्हात टाकू नकोस, सावलीत वाऱ्यावर ठेव, आणि पानं उलटण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढ. पेशंटांची नावं छापू नकोस, गाव आणि वय पुरे.

पहिला नकाशा झाला की पाठव. न आलेल्या गावांची यादी बघून पुढचं लिहीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर