चिठ्ठीचा राग सोडा, तात्या

तात्या, काकी, दोघांना नमस्कार.

परवा फोनवर तात्या परत तेच म्हणाले की तहसीलला एका बारक्या पोरानं बरणीत हात घालून चिठ्ठी काढली, सरपंचपद महिलेला राखीव झालं आणि म्हणून काकी सरपंच झाली, ही काय लोकशाही म्हणायची, ही तर लॉटरी. तेवढ्यात नेट गेलं आणि वाद अर्धाच राहिला, म्हणून आता निवांत लिहूनच सांगते, कारण ह्या एका विषयात मला अथेन्समध्ये लई दारूगोळा सापडलाय.

इथं हिवाळ्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात, तर मी पिरेअस बंदराहून लोकल पकडून जुन्या अगोरात गेले. अगोरा म्हणजे त्या काळचा बाजार, कोर्ट, कचेरी सगळं एकातच, आणि आत्ताची लोकलची लाइन चक्क त्याच्या मधूनच जाते. तिथल्या म्युझियममध्ये एक फुटका संगमरवरी दगड आहे, कुणाचं लक्षपण जात नाही त्याच्याकडं, सगळे पुतळ्यांपुढं सेल्फी काढत असतात. त्या दगडावर ओळीनं बारीक बारीक खाचा आहेत. हे त्यांचं चिठ्ठीचं मशीन, नाव क्लेरोटेरिऑन. प्रत्येकाकडं स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव कोरलेली एक पट्टी असायची, ती खाचेत खोचायची, बाजूच्या नळीत काळे-पांढरे गोळे ओतायचे आणि एकेक खाली सोडायचा, पांढरा आला की ती आडवी ओळच्या ओळ निवडली, काळा आला की त्या ओळीनं घरी जायचं. कोर्टात न्याय द्यायला कोण बसणार हे असं त्याच दिवशी सकाळी ठरायचं, म्हणजे रात्री कुणाच्या घरी पाकीट पोचवायची सोयच नाही.

आणि फक्त कोर्ट नाही हां, पाचशे जणांचं कारभारी मंडळपण चिठ्ठीनंच, मुदत एक वर्ष, आणि जन्मात दोनदाच्या वर नाही. सेनापती मात्र मतं घालून निवडायचे, लढाई नशिबावर सोडण्याइतके ते येडे नव्हते. ॲरिस्टॉटल म्हणून त्यांचा जुना विचारवंत, त्यानं तर लिहूनच ठेवलंय की पदं चिठ्ठीनं भरणं ही लोकशाहीची रीत समजतात आणि निवडून देणं ही मूठभरांच्या राज्याची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलापण उलटंच वाटलं, पण मग आपल्या पंचायतीची इलेक्शन आठवली, आठ दिवस ढाब्यावर कुणाच्या नावावर काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. निवडणूक म्हटली की पैसा, घराणं आणि गोड बोलणारा पुढं येणारच, हे त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखलेलं.

आता तुमच्या बाजूनंपण बोलते. सॉक्रेटिस अगदी तुमच्यासारखंच बोलायचा. जहाजाचा कप्तान, सुतार, बासरीवाला कोणी असा दाणे टाकून नेमत नाही मग राज्याचा कारभारी का नेमता, असं तो पोरांना शिकवतो हा त्याच्यावरचा एक आरोपच होता, त्याच्याच शिष्यानं, झेनोफननं लिहिलंय ते. आणि इ.स.पू. ३९९ ला त्याला विष प्यायची शिक्षा दिली ती ज्या पाचशेच्या आसपास लोकांनी, ते सगळे चिठ्ठीनंच आलेले. हे मला काही खोडता येत नाही, घ्या तुम्हाला एक मार्क. पण हाच सॉक्रेटिस एकदा चिठ्ठीनं त्या पाचशेच्या मंडळात आला होता, आणि इ.स.पू. ४०६ मध्ये सगळी सभा चवताळून सेनापतींना एकगठ्ठा मरणाची शिक्षा देण्याच्या मागं लागली तेव्हा हे कायद्यात बसत नाही म्हणून एकटा अडून राहिला. मतं मागायला तो माणूस कधी दारोदार फिरला असता का, मला नाही वाटत.

बरं चिठ्ठी निघाली म्हणजे झालं असंपण नाही. मोठ्या पदावर बसायच्या आधी चौकशी व्हायची, त्यात आई-बापाला नीट वागवतोस का, कर भरतोस का, लढाईला गेलास का असं चारचौघांत विचारायचे, आणि वर्ष संपलं की पैशापैशाचा हिशोब. आई-बापाचा प्रश्न आपल्याकडं फॉर्म भरताना ठेवला तर निम्मे उमेदवार तिथंच गळतील.

आणि काकी, तुझ्या ग्रामसभेला कोरम होत नाही म्हणून तहकूब होते ना, तिथंपण हीच बोंब होती. बाजारात गप्पा हाणत बसलेल्या लोकांना सभेकडं हाकलायला लाल रंगात बुडवलेला दोर घेऊन गुलाम फिरायचे, ज्याच्या कपड्याला रंग लागेल त्याला दंड. तरीपण गर्दी होईना म्हणून शेवटी हजेरीला पैसे द्यायला लागले. पण तुला त्या सभेत कुणी पाऊल ठेवू दिलं नसतं, बायकांना आणि गुलामांना मतच नव्हतं, आणि इथले गाइड हे घाईघाईनं सांगून पुढं जातात, मला राग येतो त्याचा. ॲरिस्टोफेनिस म्हणून त्यांचा विनोदी नाटककार, त्याच्या एका नाटकात बायका पहाटे नवऱ्यांचे कपडे घालून, खोट्या दाढ्या लावून सभेत घुसतात आणि ठराव पास करून कारभार ताब्यात घेतात, पण ते लोकांना हसवायला.

आता तात्या म्हणतील हे सगळं जुनं झालं. तर आयर्लंडमध्ये २०१६ ला असेच ९९ साधे लोक रँडम निवडले होते, गर्भपाताच्या कायद्यावर बोलायला, कारण पुढाऱ्यांना तो विषय हातात धरवत नव्हता. त्यांनी महिनोन् महिने सगळ्या बाजू ऐकून सल्ला दिला, आणि २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूनं मत दिलं. फ्रान्सनंपण हवामानाच्या प्रश्नावर १५० जण बसवले असेच.

आणि आपल्याकडं तर चिठ्ठीनं माणूसपण ठरत नाही, फक्त ह्यावेळी कुणी उभं राहायचं एवढंच ठरतं, काकी निवडून आली ती मतांनीच. तेव्हा दाखल्यावर सही तीच करणार, ग्रामसभेत खुर्चीवर तीच बसणार आणि तुम्ही खाली लोकांत. आत्याला फोटो पाठवायला सांगितलाय मी.

तुमची पुतणी