होडी दोनशे मीटरवर थांबवणाऱ्या तात्यांना

आदरणीय तात्या,

स. न. वि. वि.

आमच्या पक्षिमंडळाच्या फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या तिन्ही फेऱ्या आणि मार्चमधलं व्याख्यान तुमच्यामुळे पार पडलं. त्याबद्दल आभार आहेतच. पण पत्र उघडपणे लिहिण्याचं कारण दुसरं आहे. होडीतून कुणी ‘अजून जरा जवळ घ्या’ म्हणालं की तुम्ही बांबू गाळात रोवता आणि ‘इथूनच बघा’ म्हणता. या नकाराचे आभार सगळ्यांसमोर मानायचे होते. शिवाय त्यामागची तुमची रीत उजनी जलाशयाच्या काठी भिगवणला येणाऱ्या इतर मंडळांनाही कळावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

रोहित (फ्लेमिंगो) खात असतात तेव्हा माना खाली असतात. डोकं उलटं धरून चोचीतून पाणी गाळत राहायचं, हा त्यांचा तासन्‌तासांचा उद्योग. होडी पुढे सरकते तशा कडेच्या चार-दोन पक्ष्यांच्या माना वर येतात. इथवर काही बिघडलेलं नसतं. त्यानंतर थव्यातल्या बहुतेक माना ताठ होतात आणि सगळे एकाच दिशेनं चालू लागतात. थांबायचं ते इथे, हे तुम्ही दाखवलंत. पंख उघडेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो, कारण रोहिताला उडताना आधी पाण्यावर धावत जावं लागतं. एवढा जड पक्षी सकाळी तीन-चार वेळा असा उडवला की खाण्याची वेळ तर जातेच, कमावलेलंही खर्ची पडतं.

म्हणून इंजिन दोनशे मीटर अलीकडे बंद, तेही आधी वेग हळूहळू उतरवून. पुढे बांबू. होडी थव्यावर रोखून सरळ न्यायची नाही, बाजूनं निघून चाललोय अशी तिरकी घ्यायची. थवा आणि मोकळं पाणी यांच्या मध्ये शिरायचं नाही. समोर दुसरी होडी असेल तर ती निघेपर्यंत थांबायचं, कारण दोन बाजूंनी दोन होड्या आल्या की थवा उडणारच. आणि सकाळचं ऊन पाठीमागे हवं म्हणून तुम्ही आधी पूर्वेकडून लांबचा वळसा घेता. त्या वळशात तुमचं इंधन जास्त जळतं, हे आम्हाला ठाऊक आहे. उजेड पाठीशी असला की दोनशे मीटरवरूनही आठपट दाखवणाऱ्या ८×४२ च्या दुर्बिणीत रोहिताच्या चोचीचं काळं टोक स्वच्छ दिसतं. उजेड समोरून आला तर पन्नास मीटरवरही नुसत्या काळ्या आकृत्या.

हे सगळं वसंतात जास्त महत्त्वाचं, आणि त्याचं कारण पट्टकादंब या हिवाळी पाहुण्या रानहंसांत दिसतं. मार्चमध्ये त्यांची परतीची तयारी चालू असते. हरभऱ्या-गव्हाच्या रानात चरून यायचं आणि दिवसा काठावर विसावायचं. अंगावर चढणारी चरबी हीच हिमालय ओलांडायची शिदोरी. उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलेल्या पट्टकादंबांपैकी एकाची उंची ७,२९० मीटर नोंदली गेली आहे. त्या वाटेवर निघालेल्या पक्ष्याला फोटोसाठी काठावरून उठवणं म्हणजे त्याच्या शिदोरीतली भाकरी काढून घेणं.

मार्चच्या व्याख्यानाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आमच्या नोंदवह्यांत सर्वात जास्त बदल त्यानं झाला. तोवर आम्ही पक्षी शोधत होतो. तुम्ही पाणी बघायला लावलंत. उजनीतून कालव्यांना पाणी सुटतं, सोलापूरच्या पिण्यासाठी भीमेत सुटतं, त्यामुळे पाणी रोज सारखं उतरत नाही. चार दिवस थांबतं, मग भराभर मागे सरतं. काठावरचा ओला पट्टा रुंद असेल तर पाणी नुकतंच हटलंय, ताजा गाळ उघडा पडलाय आणि त्यात किडे-अळ्या वर आहेत. चिखल्या आणि टिलवे हे चिखलात टिपणारे छोटे पक्षी तिथेच मिळतील. पट्टा वाळून भेगाळला असेल तर पाणी बरेच दिवस हललेलं नाही. टिलव्याची आखूड चोच त्या पापुद्र्यात शिरत नाही, तेव्हा तिथे दुर्बीण लावून बसण्यात अर्थ नाही.

पुढचा हिशेब पायांचा. टिलवा जेमतेम ओल्या गाळावर, शेकाट्या आणि काळ्या शेपटीचा पाणटिवळा हे लांब पायांचे पक्षी घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात, रोहित त्याहून खोल, आणि थापटे (रुंद चोचीची बदकं) नि वारकरी (काळे पाणपक्षी) पोहण्याइतक्या पाण्यात. ही उतरंड कळली की कोणता पक्षी कुठे असेल हे होडीत बसण्याआधीच सांगता येतं. मागच्या आठवड्यात रोहित होते तिथे या आठवड्यात शेकाटे दिसले, तर पक्षी कमी झाले असं लिहायची घाई करायची नाही. पाणी उतरलंय आणि रोहित आत सरकलेत, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आमच्या आधीच्या काही नोंदी यामुळे पुन्हा तपासाव्या लागल्या. ते बरंच झालं.

भेगाळलेल्या गाळाबद्दल तुम्ही दिलेला इशारा नव्या सभासदांनी पाठच करावा. वरून फरशीसारखा दिसतो, आत लोण्यासारखा असतो. म्हशींच्या खुरांचे ठसे उथळ असतील तिथूनच चालायचं. ठसे खोल होऊ लागले की मागे फिरायचं. पाय रुतलाच तर ओढाताण न करता मागे बसकण मारायची, म्हणजे वजन पसरतं, आणि टाच आधी मोकळी करायची.

फेब्रुवारीच्या मध्यावर जगभर चार दिवसांची पक्षीगणना असते. आमची पहिली फेरी तिला जोडून होती. मोजणी आमचं काम, पण ती नीट झाली याचं श्रेय होडी स्थिर धरणाऱ्याला जातं. मोठा थवा असला की आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढी जागा डोळ्यांत धरायची, तिच्यावरून शंभराचा ठोकळा आखायचा आणि डावीकडून उजवीकडे ठोकळे मोजत जायचं. होडी फिरली की ठोकळा मोडतो. थापटे घोळक्यानं गोल गोल फिरत खातात आणि निम्म्यांची डोकी पाण्यात असतात, म्हणून ते नेहमी कमी मोजले जातात. त्यांची मोजणी तीनदा करून मधला आकडा घ्यावा. थवा उडून गेला तर वेळ आणि दिशा लिहायची, नाहीतर पुढच्या होडीतली मंडळी तेच पक्षी पुन्हा मोजतात. मार्चपासून साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग ६० पट दाखवणारा स्कोपही (तिपाईवरची दुर्बीण) उपयोगाचा राहत नाही. साडेसहाला होडी काठावरून सुटलीच पाहिजे हा तुमचा आग्रह त्यासाठीच होता, हे पहिल्या फेरीत काहींना उमगलं नव्हतं.

एप्रिलमध्ये आणखी एक घोटाळा होतो. जाण्याआधी पक्ष्यांचा पिसारा बदलतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं (सीगलचं) डोकं हिवाळ्यात पांढरंच दिसतं, ते आता खरोखर तपकिरी होतं. राखी पाणटिवळ्यांच्या मानेवर-छातीवर विटकरी रंग चढतो. नवखे लोक त्यांना वेगळी जात समजून नोंदवतात. ‘तोच आहे, कपडे बदललेत’ हे तुमचं वाक्य आता आमच्या माहितीपत्रकात छापलं आहे.

एप्रिलच्या फेरीत तुम्ही एकाही बेटावर होडी लावली नाहीत. त्याबद्दलचे आभार वेगळे. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या वाळू-खड्यांच्या बेटांवर नदी सुरय आणि लहान आर्ली हे पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, आणि अंडी खड्यांत मिसळून जाणारी. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पाय नाही पडला तरी धोका टळत नाही. त्या दिवसांतल्या दुपारी अंड्यांना ऊब नको असते, सावली हवी असते. पक्षी अंड्यांवर उभे राहून सावली धरतात आणि पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवतात. माणसं बेटावर उतरली की पक्षी वर घिरट्या घालत राहतात, आणि तेवढ्या वेळात एकतर अंडी तापतात किंवा कावळे उचलतात. पाणी आणखी हटलं आणि बेट काठाला जोडलं गेलं की कुत्रीही चालत पोचतात. ते कुणाच्या हातात नाही. उतरायचं की नाही हे मात्र आहे.

इतर मंडळांना यानिमित्तानं एक विनंती. होडीत बसण्याआधीच नावाड्याला सांगा, ‘पक्षी उडवायचे नाहीत, भाडं तेवढंच देऊ.’ उडत्या रोहितांचा फोटो मिळाला की वर पैसे, ही सवय आपणच लावली आहे. तिच्यामुळे तात्यांसारख्या माणसाला नकार देताना स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडावं लागतं. तात्या, तुम्ही ते तीन महिने सोडलंत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पक्षिमंडळाचे सर्व सभासद

ता. क. बोथट टोकाच्या दोन कात्र्या आणि जुन्या टॉवेलांची पिशवी पाठवत आहोत. चिलापीच्या सोडून दिलेल्या जाळ्यांत पाणकावळे आणि राखी बगळे अडकतात, त्यासाठी होडीत राहू द्या. आधी टॉवेल डोक्यावर, म्हणजे पक्षी शांत होतो आणि चोच तुमच्या डोळ्यांपासून दूर राहते. पंख अंगाशी धरून नायलॉन कापायचा, ओढायचा नाही, ओढला की कातडीत रुततो. पंखाच्या आतल्या बाजूला एखादा वेढा हमखास राहतो, तो तपासून मगच सावलीत सोडा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.