माळ्यावरचा जुना राउटर

ब्रेमेन, जर्मनी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी बोलताना तुमचा आवाज पुन्हा जिन्यातच तुटला आणि वरच्या खोलीत वायफाय पोचावे म्हणून नवे यंत्र घ्यावे का, असे तुम्ही विचारलेत. तूर्त घेऊ नका. कनेक्शन बदलले तेव्हा माळ्यावर टाकलेला जुना राउटर ते काम करील. इथे तळघरातल्या खोलीसाठी मी नुकतेच तेच केले.

बाजारातला साधा रिपीटर, म्हणजे वायफाय झेलून पुढे पाठवणारे यंत्र, एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय आपल्या दीड फुटी दगडी भिंतीपुढे त्याचेही काही चालणार नाही. त्यापेक्षा वायरमनकडून जिन्याच्या कडेने लॅन केबल, म्हणजे दोन राउटर जोडणारी तार, ओढून घ्या. ती १०० मीटरपर्यंत चालते, आपल्याला २० पुरे.

केबल जोडण्याआधी जुन्या राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून १०-१५ सेकंद दाबून धरा, म्हणजे जुन्या सेटिंग पुसल्या जातील. मग लॅपटॉप त्याला जोडून, तळाच्या चिठ्ठीवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. खालचा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे, म्हणून याला १९२.१६८.१.२ द्या; पत्ता बदलताच पान अडकेल, ते नव्या पत्त्यावर पुन्हा उघडा.

आता मुख्य गोष्ट: याचे डीएचसीपी बंद करा. घरातल्या प्रत्येक फोनला पत्ता वाटण्याचे काम खालच्या राउटरचे आहे, आणि वाटणारे दोन झाले की कोणता फोन कुणाकडून पत्ता घेईल याचा नेम राहत नाही. मी हेच विसरलो होतो. संध्याकाळभर वायफायची खूण पूर्ण आणि इंटरनेट मात्र नाही; तुमच्या सुनेची ऑफिसची मीटिंग त्यात बुडाली, ती अजून ऐकवते.

केबल दोन्हीकडे लॅनच्याच खाचेत घाला. वेगळ्या रंगाच्या वॅन खाचेवर (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठी असते ती) मी चिकटपट्टी लावून टाकली, तुम्हीही लावा. वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार (डब्ल्यूपीए२) खालच्यासारखेच ठेवा, चॅनेल मात्र वेगळे: खाली १ असेल तर वर ६ किंवा ११. फोन जिना चढूनही कधी खालच्याच राउटरला धरून बसतो. तेव्हा त्याचे वायफाय एकदा बंद करून चालू करावे.

केबल टाकून झाली की दोन्ही टोकांचे फोटो पाठवा, मग मी फोन करतो. तोवर खालच्या खोलीतूनच बोला.

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
श्रीधर