त्या अहवालाबद्दल आभार, मॅडम

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

विमान चालवायला शिकवल्याबद्दल मी तुमचे आभार परवाना हाती आला तेव्हाच मानले होते. हे पत्र वेगळ्या गोष्टीसाठी आहे: रेडिओवरच्या एका चुकीनंतर तुम्ही लिहिलेल्या अहवालासाठी. शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या इतरांनीही ते वाचावं, म्हणून तुमची परवानगी घेऊन उघडपणे लिहिते आहे.

त्या दिवशी आपण सरावाच्या क्षेत्रातून परतत होतो. विमान माझ्या हातात, रेडिओ तुमच्याकडे. आपल्याच संस्थेचं दुसरं विमान त्याच फ्रिक्वेन्सीवर होतं आणि दोघांच्या कॉल साइनमध्ये, म्हणजे रेडिओवर विमानाला ज्या नावाने हाक मारतात त्यात, फक्त शेवटच्या अक्षराचा फरक. जमिनीवरून विमानांना उंची आणि दिशा सांगणाऱ्या कंट्रोलरने त्या विमानाला खाली येण्याची सूचना दिली. तुम्ही ती आपली समजून रीडबॅक दिलात, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवलीत, आणि नेमका त्या दुसऱ्या विमानानेही त्याच क्षणी दिला. दोन ट्रान्समिशन एकाच वेळी झाली की कधी नुसती शिट्टी ऐकू येते, तर कधी ज्याचा सिग्नल जोरदार त्याचंच बोलणं. कंट्रोलरला त्यांचं उत्तर ऐकू गेलं, आपलं नाही. त्यामुळे चूक तिथल्या तिथे पकडलीच गेली नाही, आणि आपण नेमून दिलेली उंची सोडली.

कंट्रोलरने उंची विचारली. तुम्ही खरा आकडा सांगितलात आणि लगेच म्हणालात, "दुसऱ्या विमानाची सूचना आम्ही घेतली आहे, पुढची सूचना द्या." सबब नाही, वाद नाही. तुम्ही घुटमळला असतात, तर आपण नेमके कुठे आहोत हे कळण्यात कंट्रोलरचा वेळ गेला असता. नवी उंची आणि दिशा मिळाली, दोन्ही विमानं एकमेकांपासून लांब राहिली.

उतरल्यावर विषय संपवता आला असता. तुम्ही आधी कंट्रोल टॉवरला फोन केलात, मग अहवाल लिहायला बसलात आणि मलाही शेजारी बसवलंत. मी मनापासून आभार मानते आहे ते त्या अहवालासाठी.

"कॉल साइन सारख्या होत्या" एवढं लिहून थांबता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण तुम्ही लिहिलंत की त्या ठिकाणी रोज खाली येण्याचीच सूचना मिळते, त्यामुळे तुम्ही तिचीच वाट पाहत होतात. त्या वेळी तुम्ही मला वळणात रडर (शेपटीवरचं सुकाणू) किती द्यायचा ते समजावत होतात. वाक्य तोडून रेडिओकडे वळलात तोवर सूचनेची सुरुवात, म्हणजे कॉल साइनच, अर्धवट कानावर पडली होती. शिकवणं आणि रेडिओ ऐकणं एकाच वेळी करणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला उपयोगी पडेल अशी माहिती त्या तीन ओळींत आहे. विमान विद्यार्थिनी चालवत होती हेही तुम्ही लिहिलंत, पण जबाबदारी तुमची असल्याचं त्याच वाक्यात नोंदवलंत.

अशा अहवालांची किंमत मला पुढे वाचनातून कळली. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे येताना डोंगरावर आदळलं आणि विमानातले सर्व ९२ जण दगावले. उतरण्यासाठी जवळ येण्याच्या क्लिअरन्सचा, म्हणजे परवानगीचा, अर्थ वैमानिकांनी एक घेतला, कंट्रोलरच्या मनात दुसरा होता. त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान तिथेच तशाच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण टीडब्ल्यूएपर्यंत ती गोष्ट पोहोचलीच नाही. यातूनच १९७६ मध्ये अमेरिकेत गोपनीय अहवालांची व्यवस्था सुरू झाली. ती नासाकडे आहे, कारण दंड करणाऱ्या संस्थेलाच आपली चूक कळवायला वैमानिक कचरत होते. नकळत झालेली चूक दहा दिवसांत कळवली, तर तिथे सहसा दंडही होत नाही. अपघात आणि गुन्हे मात्र त्यातून वगळले आहेत. मला ही रचना अतिशय न्याय्य वाटते.

तुमच्या अहवालानंतर आपल्या संस्थेत सारख्या कॉल साइनची विमानं एकाच वेळी सरावाला पाठवणं बंद झालं. रेडिओवर बोलणं सुरू झालं की प्रशिक्षक आणि विद्यार्थी दोघांनीही गप्प राहायचं, हा नियमही तेव्हाचाच.

आता मी स्वतः प्रशिक्षक होण्याची तयारी करते आहे. माझ्या विद्यार्थ्यांना तो अहवाल नाव न घेता वाचून दाखवला तर चालेल का? तुम्ही हो म्हणालात, तर रेडिओच्या पहिल्याच तासाला मी तो घेईन.

आपली विद्यार्थिनी