डिसेंबरची तिकिटं काढली आहेत

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू बघू" म्हणत फोन आईकडे दिला असता आणि आईने विषय गुडघ्यावर नेला असता, म्हणून लिहूनच पाठवतेय. डिसेंबरची तिकिटं काढलीत, दोघांची, मुंबई ते अ‍ॅमस्टरडॅम थेट. पैसे भरून झालेत. रागवायचं असेल तर रागवा पण आधी सगळं वाचा.

दिवाळी घरीच करा, तुळशीचं लग्न लावा, मग निघा. संक्रांतीच्या आत परत वाईत, सुगडं आई तूच पुजशील, त्यात काही बदल नाही. डिसेंबरच कशाला, एवढ्या थंडीत, असं तुम्ही विचारणारच. एप्रिलमध्ये ट्यूलिप बघायला सगळेच येतात, सुमामावशीचे ते फोटो तुम्ही अजून डिलीट करताय. आणि उन्हाळ्यात दादाकडचं काय ते तुम्हाला माहीतच आहे. पण खरं कारण वेगळंय, मला बाबांना डेव्हेंटर दाखवायचंय.

आमच्या आमर्सफोर्टहून ट्रेनने पाऊण तासाच्या आत. आयसेल नदीकाठचं जुनं व्यापारी गाव, हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाच्या काळात गब्बर झालेलं. बाबा, तो विद्वान इरास्मस लहानपणी इथल्या शाळेत शिकला, आणि गावाची लायब्ररी १५६० सालची आहे, तुम्ही तिथून हलणार नाही याची मला आत्ताच काळजी आहे. एका मोठ्या युद्धपटाचं शूटिंगही इथल्या पुलावर झालंय, म्हणजे वाईकरांना परकं वाटायचं कारण नाही. तर या गावात ख्रिसमसच्या आधीच्या शनिवार-रविवारी डिकन्सचा उत्सव असतो. हो, तुमचा डिकन्स! त्याचा या गावाशी काडीचा संबंध नाही हे तुम्ही लगेच पकडाल, पण वालस्ट्राट नावाच्या गल्लीतल्या एका दुकानदार बाईंच्या डोक्यातून हे निघालं, १९९१ मध्ये सुरू झालं आणि आता नऊशेच्या वर माणसं त्याच्या गोष्टींतली पात्रं होऊन रस्त्यावर उतरतात. सगळी हौशी, बरीचशी गावातलीच. धुराडी साफ करणारी पोरं, दारुडे, पाद्री, शोकात काळे कपडे घातलेल्या विधवा, व्हिक्टोरिया राणीसुद्धा. घरांच्या खिडक्या-दारं उघडी, आत मेणबत्त्या आणि कुणीतरी टेबलाशी बसून जेवतंय. तो सगळा बेर्खक्वार्टियर भाग एके काळी पडायला आला होता, पाडूनच टाकणार होते, मग साठ-सत्तरच्या दशकात लोकांनी एकेक घर दुरुस्त करत आणलं.

मागच्या वर्षी गेलो तेव्हा 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधली, जेवण परत मागणारी अनाथाश्रमातली पोरं रिकामे वाडगे घेऊन रांगेने चालली होती. आणि मला एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी आमटी परत मागितली की बाबा तो जाडा आवाज काढून "मोअर?" असं ओरडायचे आणि मी खोटी खोटी घाबरायचे, आई म्हणायची घाला हो तिला, थंड होतंय. अन्वीला ते सांगायला गेले तर मला नीट सांगताच येईना, आणि तिला तो आवाज तुमच्याच तोंडून ऐकायचाय. 'ख्रिसमस कॅरोल'मधला तो कंजूष स्क्रूजही भेटला, काठी आपटत अन्वीच्या अंगावर खेकसला आणि ही बया रडायची सोडून त्याच्यावर उलटी खेकसली. आजोबांवर गेलीय.

एका दारात धोबीण होती, बाहेर तीन-चार डिग्री असेल, दंड लालभडक झालेले आणि ती लाकडी टबात चादर पिळत होती, कुणी फोटो काढायला लागलं की हसत पाणी उडवायची. वाकली तेव्हा तिच्या टोपीखाली कानामागे ऐकायचं मशीन दिसलं. वय बाबांच्या आसपास. बाबा, मी काही म्हणत नाहीये. फक्त ते मशीन ड्रॉवरमध्ये आहे तिथून काढा, सेल बदला आणि घालायची सवय करा, नाहीतर ख्रिसमसची कॅरोल गाणी गाणारे कानाशी येऊन गातील आणि तुम्ही मला विचाराल हे नुसते तोंडं का हलवतायत.

हे मी बोलणार नव्हते. पण त्याच वीकेंडला आई बाथरूममध्ये घसरली होती आणि मला ते आठवड्याने दादाकडून कळलं. तुमची मजा कशाला घालवायची म्हणून सांगितलं नाही हे पटतंय मला, मीही कदाचित तेच केलं असतं. पण तेव्हापासून ते उत्सवाचे फोटो बघवत नाहीत. तिकिटं काढण्यामागे हेही आहे, दोघं माझ्या डोळ्यासमोर असाल तर मी झोपेन तरी.

आता घराचं. लिफ्ट आहे. बाथरूममध्ये भिंतीला दांडे लावलेत, जेट स्प्रे बसवलाय, बाबांसाठी स्टूल आणलंय. घर दिवसरात्र गरम असतं, स्वेटरसुद्धा लागत नाही. गवती चहा, ज्वारीचं पीठ, पोहे सगळं मिळतं, पीठ मात्र जरा जुनं असतं, भाकरी चिरते, तेवढं चालवून घे. सकाळी पावणेनऊपर्यंत उजाडत नाही आणि साडेचारला अंधार, तर बाबांचं फिरणं दुपारी. आयसेलला घाट नाही, पण बाकावर बसून बघायला छान आहे. डेव्हेंटरला आपण आदल्या रात्री हॉटेलवर राहू, कारण उत्सवाला रांग मोठी लागते आणि अकराला सुरू व्हायच्या आधी पोचलेलं बरं. फरसबंदीचे दगड उंचसखल आहेत आणि आत बसायला फारशी जागा नाही. दमलात तर ब्रिंक चौकात येऊन कॉफी प्यायची. तिथे १५२८ ची वजनकाट्याची इमारत आहे, तिच्या भिंतीला तांब्याची मोठी कढई टांगलेली आहे, खोटी नाणी पाडणाऱ्याला त्यात उकळलं होतं म्हणे. त्यापेक्षा आईला डेव्हेंटर कूक हा इथला केक जास्त आवडेल, राय धान्याचं पीठ, मध आणि मसाले, दालचिनीचा वास येतो. ओलीबोलन म्हणजे बोंडंच, वर पिठीसाखर, पण त्यात अंडं असतं बऱ्याचदा, विचारल्याशिवाय तुला देणार नाही.

आणि आई, एअरपोर्टला व्हीलचेअर सांगून ठेवलीय. ती गुडघ्यासाठी नाही, रांगेसाठी आहे. तिथे धडधाकट माणसंही घेतात. बाबा शेजारून चालतील आणि तुझी पर्स त्यांच्याकडे, म्हणजे त्यांनाही काम. कुणी ओळखीचं दिसलंच तर माझं नाव सांग, लेकीने हट्टाने केलं म्हणावं.

गौरी-गणपती उरकले की लगेच व्हिसाचं करायचंय. बाबा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा, आणि काढून दहा वर्षं झालेली नकोत. इन्शुरन्स तीस हजार युरोचा लागतो, तो मी काढते, तुम्ही एजंटच्या नादी लागू नका. बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनचे कागद एका फाईलमध्ये, ठसे द्यायला दोघांनाही जावं लागेल. डॉक्टरांकडून गोळ्यांची यादी इंग्रजीत, सही-शिक्क्यासह, बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत. लोणचं एकच बरणी. एकच म्हटलंय. थर्मल इथे घेऊ, तिथून ते कुणाचं तरी जुनं जर्किन आणू नका.

बाबा, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो आजच पाठवा, चष्मा लावून, मागच्या वेळी अंगठा आला होता.

तुमची,
चिमी