आजोबांची कबर

वसई, ५ नोव्हेंबर

प्रिय बाळू,

माझी तब्येत ठीक, आईचे गुडघे तसेच. लगेच मुद्द्यावर येतो, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

मृतांच्या दिवसासाठी धाकट्या काकांच्या मुलाने कुवेतहून पैसे पाठवून आजोबांच्या कबरीवर ग्रॅनाइट बसवून घेतलं. २ नोव्हेंबरला संध्याकाळी सगळे फुलं-मेणबत्त्या घेऊन जमले, तर विहिरीकडच्या घरातली माणसंही त्याच कबरीपाशी! कबर त्यांच्या आजोबांची निघाली. नाव तेच, आडनाव तेच. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं, मग एक पिढी सोडून तेच नाव पुन्हा येणार. गवंड्याला नावाचा फोटो तेवढा पाठवला. मृत्यूची तारीख नाही, कबर कितव्या ओळीत तेही नाही.

आत्या तिथेच मटकन बसली. त्यांच्याकडच्या आजीने तिच्या हातातली मेणबत्ती घेतली, आपल्याच क्रूसापाशी लावली आणि म्हणाली, "असू दे गं, दोघांनाही पोचेल." त्या बाईचे पाय धरावेत असं वाटलं मला.

आता काकांच्या त्या पोराला ब्रेकर लावून ग्रॅनाइट काढायचं आहे. अरे, खालचा चौथरा जुना, चुन्यातला. ब्रेकरच्या हादऱ्याने तो उभा फुटेल, आणि फटीतून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरून माती खचेल. कडेच्या सांध्यातून चपटी छिन्नी घालायची, जिथे ठोकल्यावर बद्द वाजतं तिथून सुरुवात करायची. एखादी फरशी फुटली तर फुटू दे. मी तर म्हणतो, त्यांची हरकत नसेल तर राहू द्यावं तिथेच. पण मी बोललो की त्याला राग येतो. ती टेनिस बॉलची फायनल तो अजून विसरला नाही. तू धावबाद केलंस त्याला, शिव्या मला!

खरी काळजी वेगळीच. आपल्या आजोबांचा सिमेंटचा क्रूस पावसात मोडला. आतली सळई गंजून फुगली की सिमेंट असंच तडकतं, त्यात आपली खारी हवा. संगमरवरी पाटी दोन कबरींच्या मधे गवतात पडलेली सापडली. ती उजळायला पोरगा संडास धुवायचं ॲसिड घेऊन निघाला होता. ॲसिडने संगमरवर विरघळतो, अक्षरांच्या कडाच जातात. साधं पाणी आणि नायलॉनचा ब्रश, बास. शाई उडाली होती, म्हणून रात्री बॅटरी पाटीला चिकटून आडवी धरली. कोरलेल्या रेघांत सावली पडली आणि तारीख स्पष्ट वाचता आली. पाटी आपलीच.

पण ती ओळीतल्या तिसऱ्या कबरीची की चौथीची? चर्चच्या मृत्युनोंदीत नाव, वय, दफनाची तारीख आहे, जागा नाही. चौथीवर कुणीच येत नाही, तिसरीवर आत्या इतकी वर्षं फुलं वाहतेय. खड्डा तुझ्या बाबांनी खणला होता. त्यांना शांतपणे विचार: विहिरीकडून मोजलं होतं की फाटकाकडून? डोकं कुठल्या बाजूला? फोनवर घाई करू नकोस, कागदावर ओळ काढून बोट ठेवायला सांग. त्यांना इथे आणायची दगदग नको.

दुकानाचं कसं चाललंय? पोरीची दहावी ना यंदा? तिला आशीर्वाद.

नवा क्रूस करताना सळईला रेड ऑक्साइड लावायला सांगितलंय, आणि मालात विहिरीचं खारं पाणी नको, गोडंच. उत्तर येईपर्यंत पाटी माझ्याकडेच आहे. आत्याला यातलं अजून काही सांगितलेलं नाही.

तुझा,
बंड्या